पूर, उधाण आणि जांभ्याच्या भिंती: कोकणातलं जुनं घर राखायचं कसं

चिपळूण, महाड, राजापूर, खारेपाटण या जुन्या पेठा नकाशावर शोधा. सगळ्या खाडीच्या वरच्या टोकाला सापडतील. भरतीबरोबर गलबत जिथवर येत होतं आणि घाटावरून उतरलेले बैल जिथे थांबत होते, तिथे वखारी झाल्या, दुकानं झाली, देवळं, मशिदी आणि माडीची घरं उभी राहिली. ज्या जागेने गावाला पैसा दिला, त्याच जागेवर डोंगरातला लोंढा आणि समुद्राची भरती समोरासमोर येतात. त्यामुळे पूर इथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. जुन्या माणसांनी तो धरूनच घरं बांधली: उंच जोतं, चिऱ्याच्या (घडीव जांभ्या दगडाच्या) भिंती, चुन्याचा गिलावा, धान्य माळ्यावर. नंतर आपण त्या भिंतींना सिमेंट लावलं, खाली टाइल्स बसवल्या, अंगणात काँक्रीट ओतलं आणि मीटर जमिनीपासून तीन फुटांवर आणला.

हा लेख अशा घरांच्या मालकांसाठी आहे: पेठेतलं दुकान-घर, खाडीकाठचा वाडा, किनाऱ्यावरचं चौपाखी कौलारू घर, गावचं जुनं वाचनालय. माझं म्हणणं एवढंच आहे की या घरात पाणी शिरूच द्यायचं नाही, या हट्टापायी घर जास्त लवकर जातं. पाणी आलं तर ते भिंत न पाडता यावं, लवकर निघावं आणि भिंत पुन्हा वाळावी, अशी तयारी करायची. पुढची सगळी कामं त्या हिशेबाने सांगितली आहेत.

१. आधी पाणी ओळखा

नदीचा पूर, खाडीची भरती आणि समुद्राची लाट या तिघांचे उपाय वेगळे असतात. नदीचा पूर उंच असतो, वेगाने येतो, सोबत गाळ, ओंडके आणि गॅसची सिलिंडरं आणतो, पण एक-दोन दिवसांत ओसरतो. त्याचा धोका धक्क्याचा आणि दाबाचा. खाडीचं पाणी घोट्याएवढंच येतं, शांतपणे येतं, पण वर्षातून पुन्हा पुन्हा येतं आणि खारं असतं. त्याने घर पडत नाही, पण दहा-पंधरा वर्षांत जांभा पोखरला जातो. किनाऱ्यावर लाट पायाखालची वाळू नेते आणि खारा वारा लोखंड खातो.

बऱ्याच घरांना यातले दोन प्रकार लागू असतात. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळुणात शिरली तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. उधाण चढत असताना खाडी नदीचं पाणी घ्यायला नाखूश असते, आणि पाणी पेठेत तुंबतं. म्हणून कोकणात पावसाच्या अंदाजाइतकीच तिथी महत्त्वाची. जुना हिशेब अजून चालतो: तिथीचा आकडा पाऊणपट करा, तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा, कृष्ण पक्षातही तसंच. तासभर इकडेतिकडे होतं, अचूक वेळ हवी तर बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघा. यातून एक गोष्ट कळते. मोठं उधाण आपल्याकडे नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येतं. अमावास्येला सकाळी घाटात कोसळत असेल, तर सामान अकराच्या आत माळ्यावर गेलेलं बरं.

समुद्र वर येतोय का? येतोय. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदली जाते. आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगभरची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. २१०० पर्यंत ही वाढ, आपण किती धूर सोडतो त्यावर, साधारण एक ते सव्वातीन फुटांच्या दरम्यान असेल असा अंदाज आहे. वर्षाला चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण आज जे उधाण तुमच्या पायरीला वर्षातून एकदा शिवतं, ते पुढच्या पिढीत महिन्याला दोनदा शिवेल. खाडीकाठच्या घराने हाच विचार करून खर्च ठरवावा.

२. पाण्याची रेघ मोजा

"पाणी कमरेला होतं" यावर कुठलाही निर्णय होत नाही. कोणाच्या कमरेला, रस्त्यावर की ओटीवर? एक दुपार काढून नीट माप घ्या.

गवंड्याकडची लेव्हल पाइप पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढून टाका. एक टोक जुन्या पुराच्या खुणेशी धरा, दुसरं आपल्या भिंतीशी. दोन्हीकडचं पाणी एका पातळीत असतं. शेजारच्या देवळाच्या खांबावर, वाचनालयाच्या भिंतीवर, एखाद्या दुकानाच्या आतल्या बाजूला २००५ किंवा २०२१ ची रेघ असतेच. ती आपल्या घरात आणा आणि भिंतीवर वर्षासकट पक्की करून ठेवा. मग तिच्यापासून खाली-वर मोजा: रस्ता, अंगण, जोतं, माजघराची जमीन, विजेचा बोर्ड, खिडकीचा तळ, माळ्याच्या तुळया. हे सात आकडे वहीत लिहिलेत की निम्मा लेख तुम्हीच लिहू शकाल.

जलसंपदा विभागाच्या पूररेषाही पाहून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नगरपरिषदेत नकाशा पाहायला मिळतो. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामावर कडक बंधनं आहेत, त्यामुळे "जुनं पाडून नवं बांधू" असं म्हणणाऱ्याने पाडण्याआधी हा नकाशा जरूर पाहावा. पाडलेलं घर पुन्हा बांधायची परवानगी मिळेलच असं नाही.

३. घराची तपासणी: एकदा श्रावणात, एकदा फाल्गुनात

श्रावणात गळती आणि तुंबलेलं पाणी दिसतं. फाल्गुनात भिंत वाळते आणि लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ, वर येतो. पांढरी बुरशीसारखी पूड, पापुद्रे, भुसभुशीत चिरा. तो जमिनीपासून किती उंचीपर्यंत आहे ते मोजा. ओल तिथवर चढते.

लाकडी खांबाचा बुंधा तळखड्याशी (खांबाखालच्या दगडाशी) टोकदार हत्याराने टोचून बघा. पाव इंचाहून जास्त आत गेलं तर सुताराला बोलवा. तुळयांची भिंतीत गेलेली टोकंही तपासा, कुजायला तिथून सुरुवात होते. भेगांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही कडांना चिकटवा आणि तारीख लिहा. पावसाळ्यानंतर काच तडकली असेल तर भेग जिवंत आहे आणि पाया हलतोय. अशा वेळी गिलावा करून भेग लपवण्यात अर्थ नाही, आधी अभियंत्याला दाखवा.

भिंत कशात रचली आहे हेही बघा. चुन्यात असेल तर ती बरंच सोसते. मातीत रचलेली भिंत दोन दिवस पाण्यात राहिली की सांध्यातली माती निघून जाते. चिरा जागच्या जागी दिसतो, पण त्याला धरणारं काही उरलेलं नसतं. अशा भिंतीचे खालच्या तीन-चार फुटांतले सांधे खरवडून चुन्याने भरणं हे माझ्या मते कोकणातल्या पूरग्रस्त पेठेतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे. एका वेळी दोन-तीन फूट लांबीचाच भाग उघडायचा, तो भरून घट्ट झाला की पुढचा.

४. सिमेंट उतरवा, चुना आणा

जांभा सच्छिद्र आहे. तो पाणी पितो आणि हवेवर परत सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला आड येत नाही. सिमेंटचा गिलावा मात्र पाण्याला बाहेर पडू देत नाही. पाणी खालून आणि फटीतून भिंतीत जातंच, आणि सिमेंट असल्यामुळे आतच राहतं. मग ओल वर चढते, माडीच्या तुळयांपर्यंत जाते. खाऱ्या पाण्यात याहून वाईट होतं. पाणी उडताना मीठ स्फटिक होऊन फुगतं आणि दगडाचे कण सुटे करतं. चुन्याचा गिलावा असेल तर हे गिलाव्यात होतं आणि तो दर दहा वर्षांनी बदलला की काम भागतं. सिमेंट असेल तर त्याच्या मागे, चिऱ्यात होतं. गिलावा वरून ठणठणीत दिसतो आणि एके दिवशी चिऱ्याचा चेहरा घेऊनच पडतो. टाइल्स, तैलरंग आणि "वॉटरप्रूफ" म्हणून विकले जाणारे रंग यांचाही परिणाम तोच. विक्रेता गॅरंटी देईल. ती नव्या काँक्रीटच्या भिंतीला ठीक, तुमच्या पणजोबांच्या भिंतीला नाही.

सिमेंट काढायचं तर छिन्नी-हातोडीने, जमिनीपासून चार फुटांचा पट्टा आधी. मशीन लावू नका. दोन हात जागेवर करून बघा. चिऱ्याचे तुकडे निघू लागले तर थांबा, तो भाग तसाच ठेवून फक्त पोकळ वाजणारा गिलावा काढा.

चुना कसा करायचा ते थोडं सविस्तर सांगतो, कारण हे जाणणारे गवंडी कमी झालेत. कळीचा चुना पाण्यात विरवा. उकळी फुटते, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेत, मुलं जवळ नकोत. विरलेला चुना पाण्याखाली निदान दोन-तीन आठवडे ठेवा. महिना मिळाला तर उत्तम. गिलाव्याला एक भाग चुना, तीन भाग वाळू. जिथे ओल कायमची आहे तिथे वाळूचा एक भाग कमी करून तेवढी सुरकी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड घाला. सुरकीमुळे चुना ओलीतही घट्ट होतो. वाळू खाडीची असेल तर गोड पाण्याने दोन-तीनदा धुवा. कालवायला खाऱ्या विहिरीचं पाणी अजिबात नको, नाहीतर मीठ तुम्हीच भिंतीत भरताय.

एका वेळी अर्ध्या इंचाहून जाड थर देऊ नका. वर गोणपाट लावून आठवडा-दोन आठवडे ओलसर ठेवा. ही कामं दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत करावीत. पावसात चुना घट्ट होत नाही, वैशाखात तडकतो. वरून रंग फक्त चुन्याचाच.

अंगणातलं काँक्रीट भिंतीला भिडलेलं असेल तर भिंतीलगत फूट-दीड फूट रुंदीचा पट्टा उखडून खडी भरा. जमिनीतली ओल तिथून उडेल. हे एक काम बऱ्याच घरांत चढती ओल निम्म्यावर आणतं.

५. अडवायचं की येऊ द्यायचं?

इथे शाळेतलं थोडं गणित लागतं. साचलेलं पाणी भिंतीवर एकूण जो जोर देतं तो उंचीच्या वर्गाने वाढतो. एक मीटर लांबीच्या भिंतीवर फूटभर पाणी सुमारे ४५ किलोचा जोर देतं, तीन फूट पाणी सुमारे ४०० किलोचा आणि सहा फूट पाणी १६०० किलोच्या पुढे. बाहेर सहा फूट आणि आत कोरडं असेल, तर वीस फुटांच्या दर्शनी भिंतीवर जवळपास दहा टन जोर आडवा येतो. जुनी भिंत वरून येणारं वजन पेलायला बांधलेली असते, बाजूने येणारा असा जोर तिला झेपत नाही. दारं घट्ट बंद करून, फटी बुजवून बसलेल्यांची घरं म्हणूनच पडतात.

सर्वसाधारण नियम असा की चांगल्या पक्क्या दगडी भिंतीवर तीन फुटांपर्यंत पाणी अडवता येतं. जुन्या जांभ्याच्या बाबतीत मी दोन फुटांवर थांबतो, आणि मातीत रचलेल्या भिंतीवर काहीच अडवत नाही. तुमच्या वहीतली रेघ जोत्यापासून दोन फुटांच्या खाली असेल तर अडवा, वर असेल तर येऊ द्या.

अडवायचं ते असं. पेठेतल्या जुन्या दुकानांना खाचेत सरकणाऱ्या फळ्या असायच्या. त्याच पद्धतीने दाराच्या दोन्ही बाजूंना धातूच्या खाचा बसवा (खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलच्या, साधं लोखंड गंजून फुगतं आणि चौकटीलगतचा चिरा फोडतं). त्यात बसतील अशा सागाच्या किंवा अल्युमिनियमच्या फळ्या करा आणि मध्ये रबराची पट्टी द्या. फळ्यांची उंची दोन फूटच ठेवा, म्हणजे पाणी त्याहून वर आलं तर आपोआप आत जाईल. फळ्यांवर क्रमांक घालून त्या दाराजवळच ठेवा, माडीच्या अडगळीत नव्हे. गोण्या वापरणार असाल तर अर्ध्याच भरा, तोंड दुमडून विटांसारख्या सांधे सोडून रचा. पोटफुगी गोणी नीट बसत नाही.

येऊ द्यायचं ते असं. समोरासमोरच्या किंवा निदान दोन वेगळ्या भिंतींत जमिनीलगत जाळी लावलेली छिद्रं ठेवा. प्रमाण सोपं आहे: खोलीच्या दर चौरस फुटाला एक चौरस इंच. १२ बाय १५ च्या खोलीला १८० चौरस इंच, म्हणजे ९ बाय ५ इंचांची चार छिद्रं. मोरीचं तोंड धरलंत तरी चालेल. पाणी चढू लागलं की पुढचं आणि मागचं दार उघडून खुंटीला अडकवा. आत-बाहेर पातळी सारखी झाली की भिंतीवरचा दाब जातो. चोरीची भीती सगळ्यांना वाटते, म्हणून मौल्यवान ते आधीच वर गेलेलं असावं.

रेघेखालच्या भागात पाणी सोसणारंच साहित्य वापरा. शहाबादी किंवा जांभ्याची फरशी, सागाचं किंवा ऐनाचं लाकूड, चुना. प्लायवूड, जिप्समचं छत, भिंतीत बसवलेली कपाटं नकोत. आतल्या जमिनीला मागच्या दाराकडे हलका उतार द्या.

घर जॅकवर उचलायच्या जाहिराती हल्ली येतात. सलग काँक्रीटच्या पट्ट्यावर उभ्या घराला ते जमतं. चुन्यात रचलेल्या जांभ्याच्या घराला खालून एकसंध असं काही नसतं, म्हणून मी त्या वाटेला जाऊ नका असं सांगेन.

६. वीज, संडास, गॅस

मीटर आणि मुख्य स्विच रेघेच्या निदान दीड फूट वर. महावितरणला अर्ज केला की मीटरची जागा बदलून मिळते. तळमजल्याचं सर्किट वेगळं करा आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. वायर वरून खाली आणा. इन्व्हर्टरची बॅटरी माडीवर ठेवा. संडासाच्या आणि मोरीच्या पाइपला उलटं पाणी अडवणारी झडप बसवा, नाहीतर पुराआधी अर्धा तास मैला घरात येतो. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा. रिकामं सिलिंडर तरंगतं आणि ओंडक्यासारखं दारावर आदळतं.

७. काय आधी वर न्यायचं

एक यादी करून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पहिल्या ओळीत कागद: खरेदीखत, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, घरपट्टीच्या पावत्या, विम्याचा करार. त्यांचे फोटो परगावच्या नातेवाइकाकडे आधीच पाठवून ठेवा. मग देव, औषधं, चार्जर, पिण्याचं पाणी. फ्रिजला शेवटी हात लावा. माळ्यावर धान्याची पोती आणि कपाटं एकाच दालनात रचू नका, जुन्या तुळया मधोमध वाकतात. वजन भिंतींलगत ठेवा.

वाचनालयं आणि देवस्थानांनी हे जास्त मनावर घ्यावं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ आणि २०२१, दोन्ही पुरांत तिथे पाणी शिरलं आणि ग्रंथांचं मोठं नुकसान झालं. दुर्मीळ पोथ्या, दप्तरं आणि स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली तळमजल्यावर ठेवायच्याच नाहीत.

८. किनाऱ्यावरच्या घरांसाठी

३ जून २०२० चं निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात धडकलं, तेव्हा घरांचं जास्त नुकसान वाऱ्याने आणि पडलेल्या माडा-पोफळींनी केलं. म्हणून इथे छपरापासून सुरुवात करा. कोने आणि कडेच्या दोन ओळींतली कौलं तांब्याच्या तारेने रिपांना बांधा, वासे पाटाला (वाशांखालच्या आडव्या लाकडाला) आणि पाट खांबाला पट्टीने जखडा. आतून वर उचलणारा वारा कडेची कौलं आधी नेतो.

घर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची टेकडी असेल तर तिच्याइतकं संरक्षण तुम्ही विकत घेऊ शकणार नाही. तिच्यावरची मर्यादवेल आणि केवडा काढू नका, गाडीची वाट तिच्यावरून पाडू नका, वाळू उचलू देऊ नका. खाडीकाठी हेच काम तिवरं (खारफुटीची झाडं) करतात. कांदळवन तोडणं गुन्हा आहेच, आणि तोडलं की पुढच्या उधाणाला लाट थेट गडग्यावर (दगडी कुंपणावर) येते. दगडी बंधाऱ्याची मागणी गावागावांत असते. बंधारा जिथे संपतो तिथून पुढे किनारा जास्त खचतो, हे शेजारच्या वाडीने ध्यानात ठेवून मगच पाठिंबा द्यावा. विहीर खारट होऊ लागली असेल तर पंप कमी चालवा. जास्त उपशाने खारं पाणी आत ओढलं जातं.

९. एकट्याने होत नाहीत ती कामं

पेठेतला रस्ता हे मोठं दुखणं आहे. दर निवडणुकीआधी जुन्या थरावर नवा थर पडतो आणि वीस वर्षांत उंच जोत्याचं घर रस्त्याच्या खाली जातं. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकायचा नाही, अशी लेखी मागणी गल्लीतल्या सगळ्यांनी सह्यांनिशी करावी. सोबत जोत्याच्या आणि रस्त्याच्या उंचीची मापं जोडा. वहीतले आकडे इथे कामी येतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात पऱ्या (छोटे ओढे) आणि गटारं साफ करा, पण वरून खाली नाही, नदीच्या तोंडापासून वर. उलटं केलंत तर कचरा तिथेच अडतो. कुणी पऱ्यावर स्लॅब टाकून दुकान वाढवलं असेल तर भांडण आताच करा, जुलैत करून उपयोग नाही. खारबंदिस्तीचा (खाडीचं खारं पाणी अडवणारा) बांध आणि त्याची उघडझाप करणारी दारं गावाने दर वर्षी पाहावीत. निगा बंद झालेल्या बांधांमुळेच कित्येक ठिकाणी खारं पाणी भातखाचरं ओलांडून घरांपर्यंत आलं आहे. नद्यांना इशारा पातळी आणि धोका पातळी ठरलेल्या असतात. इशारा पातळीचा निरोप आला की फळ्या लागल्या पाहिजेत, धोका पातळीला माणसं वर. एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी कोण जाणार हे नावानिशी ठरवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७.

१०. परवानगी आणि विमा

घर भरतीरेषेच्या पट्ट्यात असेल तर २०१९ ची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना लागू होते. असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि जोतं वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अर्जात तसं स्पष्ट लिहा. जंजिरा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशा केंद्रीय संरक्षित किल्ल्यापासून १०० मीटरच्या आत घर असेल तर दुरुस्तीलाही पुरातत्त्वाची परवानगी लागते, आणि पुढच्या २०० मीटरमध्ये बांधकाम नियंत्रित आहे.

विम्यात १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" ही एकसारखी पॉलिसी मिळते. तिच्यात पूर आणि वादळ येतं. रक्कम ठरवताना घराची बाजारभावाने किंमत धरू नका, पुन्हा बांधायचा खर्च धरा. दुकान असेल तर वेगळी पॉलिसी लागते, घराच्या पॉलिसीत माल येत नाही. वर्षातून एकदा, मेमध्ये, घरभर फिरून तारखेचे फोटो काढून ठेवा.

११. पाणी ओसरल्यावर

पहिले काही तास: वीज बंद असल्याची खात्री होईपर्यंत आत पाऊल नाही. भिंत फुगली आहे का, छप्पर खचलं आहे का, हे बाहेरून बघा. पंचनाम्यासाठी पाण्याच्या नव्या रेघेसकट फोटो आधी काढा, मग साफसफाई. बाहेर पाणी भरलेलं असताना आतलं पंपाने उपसू नका, वर सांगितलेला दाब पुन्हा तयार होतो.

पहिला दिवस: गाळ ओला असतानाच काढा. वाळला की दगडासारखा होतो आणि चुन्याचा गिलावा सोबत घेऊन येतो. बूट आणि हातमोजे घाला, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाणी खारं होतं तर भिंतीच्या पायथ्याशी गोड पाणी मारून मीठ ओलं असतानाच धुवा. जोराचा फवारा मात्र नको.

ओले कागद आणि ग्रंथ उन्हात घालू नका, पानं चिकटतात. दोन दिवसांत बुरशी धरते. हाताळणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून गोठवून ठेवा. बंदरावर मासळीचं शीतगृह असतं. मालकाशी आधीच बोलून ठेवलंत तर शे-दोनशे ग्रंथ तिथे महिनाभर राहू शकतात. मग सवडीने थोडे थोडे काढून सावलीत वाळवता येतात.

पहिले महिने: फरशीखालची आणि कपाटामागची जागा उघडा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पंखे लावा. भिंतीला हॅलोजन किंवा शेगडी लावून वाळवायची घाई करू नका, पृष्ठभाग तडकतो आणि मीठ एकदम वर येतं. जाड भिंत वाळायचा ढोबळ हिशेब महिन्याला एक इंच असा आहे, आणि आपल्या दमट हवेत तोही लांबतो. दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी पुढचा उन्हाळा लागतो. तोवर फुटलेला गिलावा तसाच राहू द्या. वर आलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करा आणि घराबाहेर टाका. पाण्याने पुसलात तर तो परत भिंतीत जातो. जिथे फार आहे तिथे कागदाच्या लगद्याचा किंवा मातीचा ओला लेप लावून वाळू द्या. लेप मीठ ओढून घेतो, मग काढून टाका. दोन-तीनदा करावं लागतं.

वाळवी याच काळात येते. लाकूड कोरडं झालं की बुंध्यांना बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावा. ते तेल कातडी जाळतं, मोजे विसरू नका. फुगून अडकलेल्या दारांना रंधा मारायला सुतार उत्सुक असेल, त्याला थांबवा. मार्चपर्यंत दारं आपोआप आकसतात. सप्टेंबरात रंधा मारला असेल तर तेव्हा फटीतून बोट जाईल.